गोल अक्षरं

बदक कापायला काढलेली सुरी फ्लोरिआनने सरकारी पाकीट फोडायला उचलली, आणि जेवण तिथेच अडलं.

"भावजी, सुरी," अपोलेना म्हणाली.

"एकच मिनिट, वहिनी. प्रागचे लोक लाख ओततात की काय करतात, कळत नाही. चौदा महिने आपण वाट पाहिली, आता बदकानंही जरा थांबावं."

फ्लोरिआन म्हणजे अपोलेनाच्या नणंदेचा, बार्बोराचा नवरा. ख्रुदिमच्या जिल्हा कचेरीत सचिव. कचेरीत जर्मन, घरात जर्मन, कुत्र्याशीसुद्धा जर्मन. फक्त सासऱ्यांच्या टेबलावर तो चेक बोलायचा, तेही नवे बूट घातलेला माणूस चालतो तसं जपून जपून. पण परवान्याच्या कामात त्याने जिवापाड खटपट केली होती, हे कोणी नाकारत नव्हतं. पाकिटातून निघालेला कागद छापखान्याचा परवाना सासरे प्रोकोप सेदमिक यांच्या नावावरून त्यांच्या मुलाच्या, म्हणजे अपोलेनाचा नवरा वोयतेख याच्या नावावर करण्याचा होता. म्हाताऱ्यांची सही आणि दोन साक्षीदार, एवढंच बाकी होतं.

चार जुलै, संत प्रोकोपचा दिवस. सासऱ्यांचा नावदिवस. सही आजच व्हावी, जेवणानंतर आणि कॉफीच्या आधी, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. छापखान्याच्या वरच्या मोठ्या खोलीत टेबल मांडलं होतं. खालची यंत्रं सणामुळे बंद होती, पण शाईचा आणि जवसाच्या तेलाचा वास सण पाळत नाही, तो फळ्यांच्या फटींतून वर येऊन आंबट कोबीच्या वासात मिसळला होता.

प्रोकोप टेबलाच्या टोकाला बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, हाडकुळे, पंचेचाळीस वर्षांची शाई नखांच्या कडांना मुरलेली. त्यांच्या उजव्या हाताला अपोलेनाची आई दोरोता. ती सकाळीच आपल्या पिठाच्या गिरणीवरून गाडीतून आली होती, मांडीवर खसखशीच्या गोड पावांची टोपली घेऊन.

"विहीणबाई, या वर्षी खसखस जरा जास्त घातलीत," प्रोकोप म्हणाले.

"तुम्हाला दात कमी राहिलेत, व्याही. म्हणून जास्त वाटते."

सगळे हसले. बदक कापलं गेलं. उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांवर रस्सा ओतला गेला. अपोलेनाला वाटलं, सुटलो. आजचा दिवस नीट पार पडला की उद्याचं उद्या बघता येईल. उद्याचं काय आहे हे तिला पंधरा दिवसांपासून माहीत होतं. ते म्हाताऱ्याला माहीत नव्हतं, आणि त्यामुळे गेले पंधरा दिवस तिला त्याच्याशी बोलताना त्याच्या कपाळाकडे बघावं लागत होतं.

आणि बार्बोरा, तोंडात घास असतानाच, सहज बोलून गेली.

"ती शिशाची अडगळ गेली ना, की खालची मागची खोली केवढी मोठी वाटेल. गाडी उद्या सकाळीच येणार ना, दादा?"

वोयतेखने काटा खाली ठेवला.

"कसली गाडी?" प्रोकोपनी विचारलं.

बार्बोराने आधी भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि आपण काय केलं ते तिला कळलं.

"ओतशाळेची गाडी, बाबा," वोयतेख म्हणाला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, प्रागच्या विद्वानांच्या बैठकीत त्याचा आवाज चढलेला असायचा, पण इथे तो खाली आला. "अक्षरांचे जुने टोकेरी खिळे त्यांना द्यायचे. ते वितळवून त्याच शिशातून नवे ओतून देणार. गोल अक्षरांचे. मी आज सही झाल्यावर सांगणारच होतो."

"सही झाल्यावर," प्रोकोप म्हणाले.

"हो."

"किती पेट्या?"

"सगळ्या."

म्हाताऱ्याने रुमालाने तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली आणि ताटाशेजारी ठेवली. अपोलेना या घरात वीस वर्षं नांदत होती. सासरे ओरडले की काही बिघडत नाही, घडी घालायला लागले की बिघडतं, हे तिला पाठ होतं.

"कारण सांग," ते म्हणाले.

"कारण सगळ्यांना माहीत आहे, बाबा. तुम्हालाही. प्रागमध्ये आता आपलं कुठलंही शहाणं पुस्तक जर्मन वळणाच्या टोकेरी अक्षरांत निघत नाही. इतिहासाचं जे मोठं काम आपल्याकडे आलंय, ते गोल अक्षरांत छापणार असू तरच आलंय. दुकानाच्या काचेत आपलं पुस्तक आणि जर्मन पुस्तक शेजारी शेजारी ठेवा. चार पावलांवरून वेगळं ओळखू येत नाही."

"चार पावलांवरून कोण वाचतं?"

बार्बोराला हसू आलं, तिने ते बिअरच्या पेल्यात बुडवलं.

"बाबा, थट्टा नाही. आपण वेगळे लोक आहोत असं सगळीकडे सांगायचं, आणि अंगरखा मात्र त्यांचाच घालायचा?"

"त्यांचा?" प्रोकोप हळू बोलत होते. "आपली पुस्तकं पाखंडी ठरवून चौकात जाळत होते, तेव्हा लोकांनी धुराड्यात नि पिठाच्या कोठीत जी लपवून ठेवली, ती कुठल्या अक्षरांतली होती? दोनशे वर्षं लपून बसलेलं माणूस बाहेर आलं, तर तू त्याला म्हणतोस, बाबा रे, तुझा कोट जुना झालाय, तू पुन्हा आत जा."

हे वाक्य त्यांनी आत्ता सुचून म्हटलेलं नव्हतं. यावर त्यांनी पुष्कळ विचार केला होता, हे अपोलेनाच्या लक्षात आलं. म्हणजे गाडीचं नाही, तरी कधीतरी हे येणार हे म्हातारा ओळखून होता.

सतराशे सत्त्याण्णव साली त्याने एक लाकडी यंत्र आणि टोकेरी खिळ्यांच्या चार पेट्या घेऊन ख्रुदिममध्ये दुकान थाटलं, तेव्हा गावात कोट घालणारा माणूस चेक बोलत नसे. ती मोलकरणींशी आणि घोड्यांशी बोलायची भाषा होती. शाळेच्या मास्तरने त्याला तोंडावर सांगितलं होतं की या भाषेसाठी आता फक्त थडग्यावरच्या दगडाचा मजकूर छापायचा राहिलाय, तेवढा छाप आणि दुकान बंद कर. प्रोकोपने कॅलेंडर छापलं. पुढे जत्रांच्या तारखा आणि पेरणीचे दिवस, मधे गाईचं पोट फुगलं तर काय करावं ते, आणि अगदी मागे, आठ पानं, जुन्या चेक राजांच्या गोष्टी. लोक गाईसाठी विकत घेत आणि हिवाळ्यात राजे वाचत. पाठीवर लाकडी खोका बांधून तो स्वतः जत्रा करायचा. अपोलेनाच्या गिरणीवरही तो असाच आला होता, ती सात वर्षांची असताना. त्या कॅलेंडरावरूनच दोरोता वाचायला शिकली, लग्न होऊन चार मुलं झाल्यावर, पिठाच्या पोत्यावर बसून. आणि आईच्या बोटामागे बोट फिरवत अपोलेनाही शिकली.

"तुझ्याकडे नमुन्याचा कागद असेल," प्रोकोप म्हणाले. "आण."

वोयतेखने कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. छान छपाई होती. गोल, मोकळी, हवेशीर अक्षरं. म्हाताऱ्याने तो उजेडात धरला, कागदाच्या मागच्या बाजूने खिळ्यांचा दाब अंगठ्याने चाचपला.

"सुंदर आहे. मला यात काही खोट काढायची नाही." आणि त्यांनी तो कागद शेजारी सरकवला. "विहीणबाई, जरा वाचून दाखवा."

अपोलेनाने तो कागद घ्यायला हात पुढे केला, पण तो आईकडे पोचला होता.

दोरोताने कागद दोन्ही हातांनी धरला. लांब नेला, जवळ आणला. मग खाली ठेवला.

"चष्मा घरी राहिला हो, व्याही."

चष्मा तिच्या एप्रनच्या खिशात होता. त्याची दांडी बाहेर डोकावत होती आणि टेबलाच्या या बाजूने ती सगळ्यांना दिसत होती. म्हाताऱ्यालाही.

"राहू द्या," प्रोकोप म्हणाले आणि कागद परत घेतला. "माझाही राहतो कधीकधी."

एवढ्यावर ते थांबले असते. पण अपोलेनाच्याने राहवलं नाही.

"मामंजी, आईला ते वाचता येत नाही. पंधरा दिवसांपूर्वी हाच कागद मी गिरणीवर नेला होता. तिला दोन ओळीसुद्धा लागल्या नाहीत."

दोरोताने लेकीकडे पाहिलं. "हे इथं सांगायला हवं होतं का, पोरी?"

"तू मला नाही सांगितलंस," वोयतेख बायकोला म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही पेट्यांची यादी करायला सांगितलीत, मी यादी केली."

"यादी तू केलीस?" प्रोकोपनी विचारलं.

अपोलेनाने मान हलवली. आता तिला त्यांच्या कपाळाकडे नाही, डोळ्यांकडे बघावं लागलं. ते फारच अवघड गेलं.

"बाबांना न विचारता हे करायला नको होतं," बार्बोरा म्हणाली.

"पाच मिनिटांपूर्वी तीच अडगळ होती," वोयतेख म्हणाला.

"अडगळ अडगळच आहे. पण बाबांची आहे."

फ्लोरिआनने घसा साफ केला. त्याने दौत आणि टाक आधीच काढून ठेवले होते. "माझी एकच विनंती आहे. अक्षरं टोकेरी असोत, गोल असोत, चौकोनी असोत, हा कागद ऑगस्ट संपायच्या आत सही होऊन गेला पाहिजे. नाहीतर सगळं पहिल्यापासून. आणि मधल्या काळात, देव न करो..." तो थांबला.

"मी मेलो तर," प्रोकोप म्हणाले.

"तर परवाना सरकारजमा होतो. मागणारा दुसरा एक तयार बसलाय, हे मी कचेरीत रोज बघतो. त्याला चेक पुस्तकांशी काही देणंघेणं नाही. तो सरकारी नमुने छापेल."

हे फ्लोरिआनच्या तोंडून आलं म्हणून जास्त लागलं. प्रोकोपनी कागद आपल्याकडे ओढला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि टाक न उचलता परत दिला.

"सही करतो. पण आज नाही. वोयतेख, तू कधी जत्रेत बसलायस?"

"लहानपणी तुमच्याबरोबर आलो होतो."

"गोड पाव खायला आला होतास. पंधरा ऑगस्टला लुझेला मेरीमातेची जत्रा आहे. एकच पुस्तक छाप, दोन्ही अक्षरांत. गाईघोड्यांच्या आजारांचं घे, ते सगळ्यांना लागतं. गोल खिळ्यांच्या दोन पेट्या आहेत ना आपल्याकडे, लॅटिन शब्दांसाठीच्या? तेवढ्यात भागेल. दोन ढीग मांड आणि दिवसभर स्वतः बस. माणूस पाठवायचा नाही. संध्याकाळी घरी ये आणि काय करायचं ते तूच सांग. तू म्हणशील तिथे सही करीन. सगळ्या पेट्या ने म्हणालास तर सगळ्या."

"आणि गाडी?"

"गाडीवाल्याला उद्या नाश्ता घालू आणि परत पाठवू."

वोयतेखने नमुन्याचा कागद परत घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. "ठीक आहे," तो म्हणाला.

कॉफी कोणाला गोड लागली नाही. दोरोता निघताना लेकीशी बोलली नाही. गाडीत बसल्यावर फक्त म्हणाली, "टोपली परत पाठव."

*

जत्रेला अपोलेना बरोबर गेली. वोयतेखने तिला चल म्हटलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नव्हतं. सहा आठवडे दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते: खिळे जुळवलेला फर्मा तयार आहे का, तिसऱ्या पानावर चूक राहिली आहे. पहाटे गाडीत तिने पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर चादर टाकली आणि ती त्याच्या शेजारी चढून बसली.

लुझेच्या टेकडीवर चर्चपर्यंत पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांच्या खाली दोन्ही बाजूंना दुकानं लागतात. मेणबत्तीवाले, दोरवाले, आल्याच्या बिस्किटांवर साखरेची हृदयं काढून देणाऱ्या बायका. वोयतेखने दोन पिंपांवर फळी टाकली आणि दोन ढीग मांडले. डावीकडे टोकेरी, उजवीकडे गोल. त्याने चांगला कोट घातला होता. अपोलेनाने तो काढायला लावला.

"उकडेल मला कोटाशिवायही."

"उकडण्यासाठी नाही. तुम्ही कर गोळा करायला आलात असं वाटतं लोकांना."

पहिली प्रार्थना सुटली आणि लोक खाली यायला लागले. बहुतेक विणकर, डोंगराकडच्या गावांतले, जवसाच्या धाग्यावर जगणारे. एक उंच विणकर थांबला. त्याने उजवीकडचं पुस्तक उचललं, उघडलं, मिटलं, आणि दोन बोटांनी जपून परत ठेवलं.

"दादा, हे लॅटिन आहे."

"नाही, चेक आहे," वोयतेख म्हणाला.

"मग वाचा बघू."

वोयतेख वाचायला लागला. गाईचं पोट फुगलं तर तिला उभी ठेवावी, बसू देऊ नये. त्याचा आवाज चांगला होता. हळूहळू पंधरावीस माणसं जमली. जिऱ्याच्या काढ्याबद्दल एक म्हातारी "बरोबर, बरोबर" म्हणत होती. पान संपल्यावर विणकराने मान डोलावली.

"चेकच आहे. पण तुम्ही शिकलेले. तुम्हाला लॅटिनमधून चेक वाचता येत असेल. आम्हाला कुठं येणार?" आणि त्याने डावीकडचं पुस्तक घेतलं.

बाकीच्यांनीही तेच केलं. वोयतेखचं वाचन ऐकून टोकेरी ढीग निम्मा झाला. गोल ढीग जसाच्या तसा. अपोलेनाने नवऱ्याकडे पाहिलं नाही. आपण बरोबर होतो याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. तो घामाने भिजलेला सदरा, ती नीट रचलेली उजवीकडची रास, आणि कोणी जवळ आलं की त्याचं पुढे वाकणं, हे बघून तिला वाटलं, मामंजींनी हे करायला नको होतं.

दुपारी एक माणूस आला, लष्करातून सुटलेला, चेहरा उन्हाने तांबूस. त्याने गोल अक्षरांचं पुस्तक उचललं आणि उभ्या उभ्या, न अडखळता, मोठ्याने अर्धं पान वाचून काढलं.

"तुम्हाला येतं?" वोयतेखने विचारलं.

"आठ वर्षं मिलानला होतो. तिकडं न्हाव्याच्या पाटीपासून फाशीच्या हुकमापर्यंत सगळं याच अक्षरांत. सुरुवातीला डोकं दुखायचं. मग बिअर कुठं मिळते ते वाचायची गरज पडली आणि चार दिवसांत आलं." त्याने पुस्तक खिशात घातलं. "बरं झालं आपलंही असं निघालं. डोळ्यांना हलकं वाटतं."

वोयतेख इतका वेळ त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत राहिला, की एका बाईने दोनदा काही विचारलं तरी त्याला ऐकू आलं नाही.

"मी म्हणते, किती अक्षरं वेगळी आहेत?" तिने तिसऱ्यांदा विचारलं. चाळिशीची, बारीक, हात निळीने रंगलेले, कापड रंगवणाऱ्या घरातली असणार. "सगळी वेगळी, की थोडी?"

वोयतेख सांगायला लागला की लेखनाच्या परंपरेचा विचार केला तर... अपोलेनाने त्याला बाजूला केलं. शेजारच्या दोरवाल्याकडून खडू घेतला आणि फळीची मोकळी कड पुसून तिच्यावर टोकेरी अक्षरांची ओळ लिहिली. खाली, एकाखाली एक, गोल अक्षरं.

बाई वाकून बघत राहिली. तिचं निळं बोट वरून खाली, वरून खाली फिरत होतं.

"हे तर तेच आहे. हेही तेच. हा पूर्वी काठीसारखा सरळ होता तो आता वेटोळं करून बसलाय." ती हसली. "बहुतेक सगळी ओळखीची आहेत हो. नुसत्या टोप्या बदलल्यात. मग आधीच असं मांडून का नाही ठेवलंत?"

"सुचलं नाही," वोयतेख म्हणाला.

"बाईमाणसाला विचारायचं."

तिने गोल अक्षरांचं पुस्तक घेतलं, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर ती दोन ओळींची यादी उतरवून मागितली. अपोलेनाने उतरवून दिली. ते बघून तिच्या दोन मैत्रिणींनी घेतलं. मग एका शिंप्याने. मग ऊन कलल्यावर आणखी दोघांनी, आणि प्रत्येक वेळी वोयतेख स्वतः पेन्सिल घेऊन मागच्या पानावर दोन ओळी लिहीत होता, पोराला कित्ता घालून द्यावा तशा, एकेक अक्षर सावकाश.

परतताना गाडीत तो म्हणाला, "तुझ्या आईचं तू मला आधी सांगायला हवं होतंस."

"हो."

"मी ऐकलं नसतं."

"तेही आहे," अपोलेना म्हणाली.

*

प्रोकोप दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. उन्हाचा शेवटचा पट्टा समोरच्या कमानींवर होता. फ्लोरिआन आणि बार्बोरा आधीच येऊन थांबले होते. कागद फ्लोरिआनच्या बगलेत होता.

"किती?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गोल, सात," वोयतेख म्हणाला. "टोकेरी सगळी संपली. दुपारीच."

अपोलेनाला वाटलं, आता म्हातारा बोलणार. बोलायचा त्याचा हक्क होता. प्रोकोपनी गुडघ्यावरचा हात उलटा सुलटा केला.

"माझ्या पहिल्या जत्रेत माझी पाच गेली होती. त्यातली दोन पनीर गुंडाळायला नेली, मी डोळ्यांनी बघितलं. सात म्हणजे वाईट नाही. मला वाटलं होतं, एकही नाही जाणार." ते फ्लोरिआनकडे वळले. "आणा, जावईबापू. कुठे करायची?"

"बाबा, थांबा," वोयतेख म्हणाला. "आधी ऐका. इतिहासाचं पुस्तक गोल अक्षरांतच छापीन. शहरातलं सगळं त्याच अक्षरांत. त्यात मी बदलणार नाही. पण कॅलेंडरचे खिळे देणार नाही. आजाराची पुस्तकं, गाण्यांची, प्रार्थनांची, ती सगळी आहेत तशीच राहतील. आणि कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर दोन्ही अक्षरांची यादी घालीन. दरवर्षी."

"मी तुझ्याकडे हे मागितलं नव्हतं."

"नाही मागितलंत."

"मोठे मथळ्याचे खिळे?"

वोयतेख अडखळला. ते मथळ्याचे खिळे प्रोकोपनी तरुणपणी, सरकारने बंद केलेल्या एका मठातून आणले होते, हातगाडीवरून, दोन दिवस चालत. त्यांच्याइतकं देखणं छापखान्यात काही नव्हतं. "ते जातील, बाबा. शिसं कुठून तरी यायला हवं. त्यात सगळ्यात जास्त शिसं आहे."

बार्बोरा काही म्हणणार होती. अपोलेनाने तिच्या दंडावर हात ठेवला.

"बरोबर आहे," प्रोकोप म्हणाले. "मीही तेच म्हणालो असतो." आणि त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून एका ओळीवर शेजारच्या चर्मकाराने नाव लिहिलं आणि दुसऱ्या ओळीवर फ्लोरिआनने. फ्लोरिआनने आपलं नाव चेक पद्धतीने लिहिलं. का, ते कोणी विचारलं नाही. शाई सुकायची वाट बघत तो कागदावर फुंकर घालत राहिला.

ऑक्टोबरात ओतशाळेची गाडी आली आणि मथळ्याचे खिळे घेऊन गेली. त्या दिवशी प्रोकोप खाली आलेच नाहीत. अपोलेना कॉफी घेऊन वर गेली, तर ते खिडकीला पाठ करून बसले होते आणि बोटाने टेबलावर काहीतरी गिरवत होते. तिने पेला ठेवला. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं, एकदाच, आणि म्हणाले, "यादी नीट केली होतीस, पोरी. एकही पेटी चुकली नव्हती."

*

पुढच्या वर्षाचं कॅलेंडर नोव्हेंबरात तयार झालं. पहिल्या गठ्ठ्यातली एक प्रत वोयतेखने उचलली आणि रविवारी, न सांगता, बायकोला गाडीत घालून गिरणीवर निघाला. दोरोता जावयाशी नीट बोलली. लेकीशी तिने त्या जेवणानंतर चार महिने कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं.

वोयतेखने पिठाच्या पोत्यांजवळ स्टूल ओढलं आणि कॅलेंडरचं शेवटचं पान उघडलं. वर टोकेरी ओळ, खाली गोल. त्याखाली एक छोटा उतारा, फक्त गोल अक्षरांत. एका जुन्या राणीची गोष्ट, जी दोरोताने तीस वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरात वाचली होती.

"हे माझ्यासाठी छापलंस?" तिने विचारलं.

"तीन हजार जणांसाठी छापलंय. पण पहिलं तुमच्याकडे आणलं."

दोरोताने बोट ठेवलं. वरची ओळ पाहिली, खालची पाहिली. मग उताऱ्यावर बोट आलं, आणि थांबत, परत वर जात, पुन्हा खाली येत ती वाचायला लागली. एका शब्दाला तिला इतका वेळ लागला की खालच्या चाकाच्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. अपोलेनाला तो शब्द सांगावासा वाटला. वोयतेखने हळूच मान हलवली. दोरोताने तो शब्द काढला, मग पुढचा, आणि अख्खं वाक्य एका दमात म्हणून दाखवलं.

मग ती कपाळाला आठ्या घालून जावयाकडे बघत राहिली.

"गोष्ट तर तीच आहे."

"हो, तीच आहे."

"एक शब्दसुद्धा वेगळा नाही."

"नाही."

"मग बदललं कशाला रे?"

चार जुलैला टेबलावर वोयतेखकडे याची दहा उत्तरं होती, आणि प्रागमध्ये त्यातल्या प्रत्येकावर त्याने कागदच्या कागद लिहिले होते. अपोलेना खिडकीतून पाण्याकडे बघत होती. आपल्याला हसू आलंय ते दोघांपैकी कोणालाही दिसू नये, म्हणून.

"आई," वोयतेख म्हणाला, "पुढची ओळ वाचा."

दोरोताने बोट एक ओळ खाली सरकवलं. "पोरी," ती मान वर न करता म्हणाली, "उजेडातून जरा बाजूला हो." अपोलेना बाजूला झाली.